सोफीची संख्या

मैत्रिणींनो, जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकले आहे. यांतल्या काही संख्या एका बाईच्या नावाने ओळखल्या जातात. आज आम्ही तिची गोष्ट सांगणार आहोत.

सोफी जर्मेन १७७६ मध्ये पॅरिसला जन्मली. राज्यक्रांतीच्या धामधुमीत घराबाहेर पडणे अवघड होते, तेव्हा वडिलांच्या पुस्तकांतून ती गणित शिकली. मुलीला हा नाद नको म्हणून घरच्यांनी रात्रीचा दिवा आणि शेकोटी बंद केली, असे सांगतात. ती पांघरुणे लपेटून, लपवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात वाचत राहिली. १७९४ मध्ये निघालेल्या एकोल पॉलितेक्निकमध्ये मुलींना प्रवेश नव्हता. तिने तिथल्या व्याख्यानांची टिपणे मिळवली आणि ‘ल ब्लां’ या विद्यार्थ्याच्या नावाने आपले लेखन लग्रांज यांना पाठवले. १८०४ मध्ये याच नावाने तिने गाउस यांना पत्र लिहिले. खरे नाव त्यांना १८०७ मध्ये कळले, तेव्हा त्यांनी तिच्या धैर्याचे मनापासून कौतुक केले.

तिच्यापुढे फर्मा यांचा जुना प्रश्न होता. दोन घनसंख्यांची बेरीज घनसंख्या होत नाही. पाचव्या, सातव्या घाताचेही तेच. हे सिद्ध कसे करायचे? इतर लोक एकेक घात घेऊन झगडत होते. सोफीने अनेक घातांना एकदम लागू पडणारी वाट काढली. तिथे तिला खास मूळ संख्या उपयोगी पडल्या: दुप्पट करून १ मिळवला, तरी उत्तर मूळच. ५ चे ११, ११ चे २३, २३ चे ४७. घात असा असेल आणि फर्मांचे समीकरण जुळलेच, तर त्यातल्या एका संख्येला त्या घाताने भाग जायलाच हवा, हे तिने दाखवले. पूर्ण सिद्धता अँड्र्यू वाइल्स यांची, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

७ मात्र इथे बसत नाही, कारण उत्तर १५ येते. १३ चे २७, १९ चे ३९. ३ ने भागून बाकी १ उरली, की दुप्पट अधिक एकाला ३ ने भाग जातोच. वहीत करून पाहा.

२०१६ मध्ये अशीच एक प्रचंड संख्या सापडली. २ चा १२,९०,००० वा घात घ्यायचा, त्याला २६१८१६३४०२४१७ ने गुणायचे आणि १ वजा करायचा. तिच्यात ३,८८,३४२ अंक आहेत. एका पानावर हजार अंक लिहिले, तरी ३८९ पाने लागतील. तिलाही ३ ने भागले तर बाकी २ च उरते. अशा संख्या अनंत आहेत का, हे अजून कोणालाच सिद्ध करता आलेले नाही.

लवचीक पृष्ठांच्या कंपनांवरील कामासाठी सोफीला १८१६ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. १८३१ मध्ये ती वारली. पुढे १८८९ मध्ये आयफेल टॉवर उभा राहिला आणि त्यावर ७२ शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावे कोरली गेली. त्यांत एकही बाई नव्हती, सोफीही नव्हती.

मैत्रिणींनो, मुलगी रात्री गणित घेऊन बसली, तर दिवा चालू राहू द्या.