टोपीसाठी उभी राहिलेली वखार



प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानांची नावे आपण भराभर म्हणून जातो. त्यातलेच एक दंतवाणिज्य. नाव हत्तीच्या दाताचे, पण केस, नखे, हाडे, कातडी, लव यांचा व्यापारही त्यात येतो. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात हा दोष सांगताना, या वस्तू जिथे निघतात तिथेच जाऊन घेणे, यावर बोट ठेवले आहे. टीकाकार त्याचे कारण देतात. व्यापारी वनातल्या लोकांना आगाऊ पैसे देऊन ठेवतो आणि तो परत येईपर्यंत ते हत्ती मारून दात तयार ठेवतात. व्यापाऱ्याने शस्त्राला हात लावलेला नसतो, तरी जीव त्याच्यासाठीच गेलेला असतो.

हे किती खरे आहे ते पाहायचे तर कॅनडाच्या उत्तरेला जावे लागेल. तिथे हडसन उपसागराच्या काठी, हेज नदीच्या मुखाशी, १६८४ साली हडसन्स बे कंपनीने एक ठाणे वसवले. त्याचे नाव यॉर्क फॅक्टरी. फॅक्टरी म्हणजे इथे कारखाना नव्हे, वखार. सुरतेला आणि राजापूरला इंग्रजांच्या ज्या वखारी होत्या, त्यांनाही ते फॅक्टरीच म्हणत. या कंपनीला १६७० साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने सनद दिली आणि उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांच्या मुलखातला व्यापार तिच्या नावे करून टाकला. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांना कोणी विचारले नाही.

माल कसला, तर बीव्हरची कातडी. बीव्हर हा नदीत फांद्यांचे बांध घालून कुटुंबाने राहणारा, झाडाची साल आणि पाला खाणारा प्राणी. त्याच्या लांब केसांखाली मऊ, दाट लव असते. तिचा नमदा फार चिवट होतो आणि युरोपात त्याच्या टोप्या घालण्याची मोठी फॅशन होती. पश्चिम युरोपातले बीव्हर जवळजवळ संपले होते, म्हणून जहाजे एवढ्या लांब जाऊ लागली. लव जमून नमदा व्हावा म्हणून पुढे पाऱ्याचे क्षार वापरू लागले. त्यांची वाफ टोपी करणाऱ्या कारागिरांना बाधे. हात कापत, बुद्धी भ्रमिष्ट होई.

वखारीतले इंग्रज स्वतः सापळे लावायला जात नसत. ते काउंटरमागे बसत. क्री आणि इतर जमातींचे लोक उन्हाळ्यात होड्या भरून कातडी आणत. हिशेब नाण्यांत नव्हे, कातड्यांत होई. हिवाळ्यात मारलेल्या मोठ्या बीव्हरचे एक उत्तम कातडे, हे माप. त्याला म्हणत ‘मेड बीव्हर’. अठराव्या शतकात एका ब्लँकेटला अशी सहा-सात कातडी द्यावी लागत, तर बंदुकीला दहा ते चौदा. पुढच्या हंगामाच्या बोलीवर माल उधारही मिळे. योगशास्त्रावरच्या टीकेतला आगाऊ पैसा तो हाच.

त्या शिकाऱ्यांना दोष द्यायला मन धजत नाही. त्या बर्फात शेती होत नाही. ते आधीपासून शिकार करत होते, पण पोटापुरती आणि अंगावर घालण्यापुरती. वखारीने त्यांच्या गरजेला लंडनच्या हौसेची जोड दिली.

या धंद्याचा मोठा भार बायकांवर होता. कातडी खरवडायची, ताणून वाळवायची, पाच ते आठ जोडून पांघरूण शिवायचे, ही त्यांची कामे. असे पांघरूण वर्ष-दोन वर्षे अंगावर वापरले की लांब केस गळून जात आणि नुसती लव राही. टोपीवाल्यांना तेच जुनेर अधिक हवे असे. बर्फात चालायचे जोडेही बायकाच करत. त्यांच्याशिवाय वखारीतला माणूस हिवाळा काढू शकला नसता.

अशाच एका बाईची हकिकत आहे. थानाडेल्थर ही डेने जमातीची तरुणी. क्री लोकांनी १७१३ साली तिला पकडून नेले. पुढच्या वर्षी ती एका सोबतिणीबरोबर पळाली. सोबतीण वाटेत गेली, ही जगली आणि यॉर्क फॅक्टरीला पोचली. वखारीचा प्रमुख जेम्स नाइट याला क्री आणि डेने यांच्यात समेट हवा होता. १७१५ च्या जूनमध्ये विल्यम स्टुअर्ट आणि सुमारे १५० क्री लोकांबरोबर ती निघाली. उपासमार आणि आजाराने बरेच जण मागे फिरले. पुढे वाटेत क्रींनी मारलेल्या डेने लोकांची प्रेते सापडली. आता सूड उगवला जाणार, या भीतीने उरलेलेही माघारी वळायला निघाले. तिने त्यांच्याकडे दहा दिवस मागितले आणि एकटी पुढे गेली. दहाव्या दिवशी ती शंभराहून अधिक डेने लोकांना घेऊन परतली. समजावून समजावून तिचा घसा बसला होता. समेट झाला.

५ फेब्रुवारी १७१७ ला ती वखारीतच आजाराने वारली. नाइटने रोजनिशीत तिच्या धैर्याची मनापासून स्तुती केली आहे, पण तिचे नाव लिहिलेले नाही. तिथे ती नुसती ‘गुलाम बाई’. कातड्यान् कातड्याची नोंद ठेवणाऱ्या वखारीला तिचे नाव लिहावेसे वाटले नाही. ते जपले तिच्याच लोकांच्या तोंडी गोष्टींनी. तिने जुळवलेल्या समेटाच्या बळावर त्याच वर्षी चर्चिलला नवी वखार उभी राहिली आणि आणखी बीव्हर मारले गेले.

१७८२ साली देवीच्या साथीने त्या मुलखात हाहाकार केला. त्याच वर्षी फ्रेंच आरमाराने वखार जाळली. ती पुन्हा बांधली गेली. पुढे एकोणिसाव्या शतकात रेशमी टोपीची फॅशन आली आणि बीव्हरची मागणी उतरली. बीव्हर वाचला तो दयेने नव्हे, फॅशन बदलली म्हणून. आणि त्याच्या जागी गेले ते रेशमाचे किडे. वखार १९५७ साली बंद झाली. १८३० च्या दशकातली तिची लाकडी इमारत आजही तिथे रिकामी उभी आहे. कंपनीची कॅनडातली दुकानेही २०२५ मध्ये बंद झाली.

मैत्रिणींनो, करणे, करवणे आणि अनुमोदन देणे हे तिन्ही आपल्याकडे सारखेच मोजले जातात, ते याचसाठी. लंडनला टोपी घेणाऱ्याने बीव्हर कधी पाहिलाही नव्हता. आपल्या पर्सचे चामडे, लग्नातला शालू, मुलांच्या जाकिटाच्या गळ्याची फर, ही कुठून येते हे आपणही पाहिलेले नसते. दुकानदाराला एकदा विचारायला काही लागत नाही. सांगता येत नसेल, तर ती वस्तू तिथेच ठेवावी.