मंद बंदुकीचा कायदा

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा सावनेर तालुका हा कापसाचा, संत्र्याचा आणि हरभऱ्याचा मुलूख. उत्तरेला सातपुड्याचं रान, त्यामुळे रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी रात्रीची जागल इथे नवी नाही. अशा मुलखातल्या शेतकऱ्याची बंदूक म्हणजे ठासणीची, म्हणजेच भरमार. तोंडाकडून बारूद ओतायची, गजाने ठासायची, वर छर्रे, मागे टोपी. बार किती जोराचा काढायचा हे भरणाऱ्याच्या हातात असे. कारखान्यातून बंद होऊन आलेल्या काडतुसाने हा निर्णय त्याच्याकडून काढून घेतला, म्हणूनच कमी वेगाची गोळी स्वतः भरणं हा पुढे पाश्चात्त्य नेमबाजांचा खास छंद ठरला. आपल्याकडे मात्र मंद गोळीचा इतिहास छंदाचा नाही, सत्तेचा आहे. कोणाच्या हातात किती ताकदीचं हत्यार द्यायचं, हे इथे राज्यकर्त्यांनी ठरवलं आणि ठासणीची बंदूक खेड्यात टिकली ती मुख्यतः त्यामुळे.

याचा पहिला ठळक पुरावा लष्करी आहे. 1857 च्या उठावानंतर हिंदी शिपायांसाठी 1858 च्या नमुन्याची एन्फील्ड बंदूक आली. दिसायला ती गोऱ्या सैनिकाच्या रायफलीसारखीच, पण नळीच्या आत गोळीला फिरकी देणारे आटे नाहीत. आटे गेले की नेम आणि पल्ला दोन्ही घटतात. पुढे गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणींकडे स्नायडर होती. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा यांच्याकडे मार्टिनी. एक पिढी मागे ठेवण्याचं हे धोरण उघड होतं. 1878 च्या हत्यार कायद्याने तेच नागरी जीवनात आणलं. नागपूरकरांना हा कायदा किती झोंबला, ते 1927 साली मंचरशा आवारी यांनी तो मोडण्यासाठी केलेल्या सत्याग्रहातून दिसतं. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला. लष्कराचं .303 काडतूस खासगी माणसाला वर्ज्य ठरलं आणि त्याच्या वाट्याला .315 आलं. इशापूरच्या कारखान्याने त्यासाठी रायफल घडवली, तर 1869 पासूनच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ छाप काडतुसांवर उमटली. ताकदीने .315 हे .303 पेक्षा उणंच.

शेतकरी गरीब होता, म्हणून स्वस्त बंदूक टिकली, असा आक्षेप येईल. तो अर्धा खरा आहे. पैशामुळे माणूस स्वस्त वस्तू घेतो, पण कायद्यात त्या वस्तूचं नाव पैशामुळे येत नाही. स्वतंत्र भारताचा 1959 चा हत्यार कायदा, 1962 पासून अंमलात आलेला, कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख करतो. जगभर ती जुनी होऊन जवळपास शतक झालं असताना दिल्लीच्या संसदेने तिला कागदावर जागा दिली. ब्रिटिशांचा कायदा रद्द झाला, त्यातली शंका उरली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दाट वस्तीच्या मुलखात मंद आणि आखूड पल्ल्याचं हत्यारच शहाणपणाचं. रायफलीची गोळी शिवार ओलांडून शेजारच्या गावापर्यंत जाऊ शकते. छर्रे थोड्याच अंतरात दम टाकतात. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि जागलीवरच्या माणसाला रायफल द्यावी असं माझं म्हणणं नाही. मात्र हे कारण 1858 च्या एन्फील्डला लागू पडत नाही. ज्याच्याकडून शत्रूवर गोळी झाडून घ्यायची, त्याचा नेम मुद्दाम बिघडवण्यात सुरक्षितता कोणाची होती? एकाच मंदपणाची दोन कारणं आहेत, एक भीतीचं आणि एक काळजीचं. दुसरं कारण रास्त आहे, म्हणून पहिल्याला इतिहासातून सूट देता येत नाही.

उलट, काळजीचं कारण खरं मानायचं तर राज्याने त्या बंदुकीमागच्या माणसाकडेही पाहायला हवं होतं. अंदाजाने ठासलेली जादा बारूद नळी फोडते आणि पहिला घाव भरणाऱ्याच्याच हातावर बसतो. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर त्याची बंदूक बहुधा आवाजापुरतीच उरली. परवाना पिकासाठी मिळतो खरा, पण रानडुकरावर ती झाडायची तर वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.