हाडाला दिलेली सवड

दात पडला की त्याची पोकळी हिरडी लवकरच झाकून टाकते; परंतु तिच्याखालचे हाड तेव्हापासून झिजू लागते. चर्वणाचा भार पेलण्याचे काम सरल्यावर शरीर त्याला पूर्वीसारखे पोसत नाही. म्हणूनच कवळी वर्षागणिक सैल होते. हे हाड परत आणता येईल काय, आणि आणले तर त्यात रोवलेला कृत्रिम दात किती वर्षे टिकेल, या प्रश्नांच्या उत्तरांसाठी वैद्यकाला अर्धशतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

या इतिहासाचा आरंभ दातांपासून झालाच नाही. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ च्या सुमारास पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण अभ्यासत होते. त्यासाठी बसवलेले टायटॅनियमचे उपकरण पुढे काढू गेले, तो ते हाडाशी एकजीव झालेले! १९६५ साली गोथेनबर्ग येथे त्यांनी एका दंतहीन रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. तो रुग्ण २००६ मध्ये निवर्तला, तोवर त्यांनी चाळीस वर्षे सेवा दिली होती.

ब्रोनेमार्क यांचा दंडक साधा होता. स्क्रू बसवून हिरडी शिवून घ्यायची आणि खालच्या जबड्यात सुमारे तीन, तर वरच्यात सहा महिने त्यावर भार टाकायचा नाही. १९८१ साली त्यांच्या गटाने पंधरा वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला. पाच ते नऊ वर्षे पाहिलेल्या रुग्णांत खालच्या जबड्यातील शेकडा ९१, तर वरच्यातील ८१ स्क्रू स्थिर होते. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर या उपचाराला जगन्मान्यता मिळाली.

मात्र ज्यांचे हाडच उरले नव्हते, त्यांचे काय? अडचण शरीराच्या घाईत होती. हिरडीच्या पेशी वेगाने वाढतात, हाडाच्या सावकाश. रिकामी जागा आधी पहिल्या बळकावतात. त्यांना पडद्याने अडवावे, हा विचार १९८२ मध्ये नीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाताभोवतीच्या ऊतींसाठी यशस्वी करून दाखवला. १९८८ मध्ये डालिन प्रभृतींनी उंदरांच्या जबड्यात दोन्ही बाजूंना छिद्रे पाडून एक बाजू टेफ्लॉनच्या पडद्याने झाकली. झाकलेली छिद्रे सहा आठवड्यांत हाडाने भरली. उघडी तशीच राहिली. पुढे आपोआप विरघळणारे कोलॅजनचे पडदेही आले.

असे नवे हाड टिकते काय? झुरिच येथील संशोधकांनी बारा ते चौदा वर्षे पाठपुरावा करून २०१३ मध्ये उत्तर दिले. पडद्याच्या साह्याने हाड वाढवलेल्या ठिकाणी शेकडा सुमारे ९२ रोपणे टिकली, मूळच्या हाडात सुमारे ९५. अंतर अल्पच म्हणावे लागेल.

तरीही टिकणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. रोपण जागेवर असूनही भोवती सूज व हाडाची झीज चालू असू शकते. म्हणूनच १९८६ मध्ये आल्ब्रेक्टसन प्रभृतींनी, पहिल्या वर्षानंतर झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरहून कमी असावी, अशी कसोटी घातली. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह आणि हिरड्यांची हेळसांड हे या हाडाचे वैरी होत. तेव्हा दात किती दिवसांत बसेल, एवढे विचारून भागत नाही; पुढे त्याची निगा कोण व कशी राखणार, हेही आधीच ठरवावे लागते. हाडाला सवड देणारेच या इतिहासात यशस्वी ठरले आहेत.