ख्रिस्ती मंडळीजीवन : नागपूर–बुटीबोरी परिसर

ख्रिस्ती मंडळीजीवन : देवाशी वैयक्तिक जवळीक आणि श्रद्धावंतांच्या समूहाशी बांधिलकी या दोन अंगांनी जगला जाणारा ख्रिस्ती धर्माचार. प्रस्तुत नोंद नागपूर शहर आणि त्याच्या दक्षिणेस सुमारे ३० किमी.वरील बुटीबोरी या परिसराच्या अनुषंगाने आहे. या परिसरात १८४५ पासून प्रॉटेस्टंट मिशनचे काम सलग चालले. स्टीफन हिस्लॉप यांचा मृत्यू, नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराची सुरुवात आणि उत्तर भारतातील सहा चर्चसंस्थांचे एकीकरण या तीन घटनांमुळे मराठी ख्रिस्ती इतिहासात या भागाला वेगळे स्थान आहे.

संज्ञा : मराठी बायबलमध्ये ‘एक्लेसिया’ या ग्रीक शब्दासाठी ‘मंडळी’ हा प्रतिशब्द रूढ झाला. कॅथलिक परंपरेत ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात. ‘चर्च’ हा शब्द बोलण्यात इमारतीसाठी आणि संस्थेसाठीही येतो. मंडळी म्हणजे मात्र नेहमी माणसेच. जुन्या मराठीत बायकोचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असा करीत. नव्या करारात ख्रिस्तसभेला ख्रिस्ताची वधू म्हटले आहे. त्यामुळे या शब्दाला मराठीत आपसूकच दुहेरी आपलेपण आले. ‘सान्निध्य’ किंवा ‘सहवास’ हे शब्द देवाशी असलेल्या जवळिकीसाठी, तर ‘सहभागिता’ हा शब्द एकमेकांशी असलेल्या नात्यासाठी वापरतात.

धर्मशास्त्रीय आधार : देवाच्या जवळ असणे आणि मंडळीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे नवा करार मानत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील १५ व्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फाटे म्हणतो. फाट्याला वेलाशिवाय फळ येत नाही, आणि एकाच वेलाचे फाटे एकमेकांनाही परके राहत नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या मंडळीचे चार नित्यक्रम दिले आहेत : शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एकत्र मिळणे सोडू नये, असे बजावले आहे. एकांतातली प्रार्थना हा पाया खरा. पण तिची परीक्षा शेजाऱ्याशी वागण्यात होते, अशी ही भूमिका आहे.

परिसर : बुटीबोरी हे जुन्या कागदपत्रांत नुसते ‘बोरी’ म्हणून येणारे गाव. नागपूरच्या बुटी या सावकार-मालगुजार घराण्यावरून ते बुटीबोरी झाल्याचे सांगितले जाते. नागपूर–वर्धा लोहमार्गावर असल्याने ते पूर्वीपासून वर्दळीचे होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या विस्तीर्ण वसाहतीमुळे त्याचा चेहरा बदलला आणि २०१८ मध्ये येथे नगरपरिषद आली. जवळचे टाकळघाट तेथील महापाषाणयुगीन वस्ती आणि लगतच्या खापा येथील शिळावर्तुळे यांसाठी पुरातत्त्वात प्रसिद्ध आहे. नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी १९६८ मध्ये या दोन्ही ठिकाणी उत्खनन केले. बुटीबोरीच्या ख्रिस्ती इतिहासाचा धागाही याच शिळावर्तुळांपाशी सुरू होतो.

हिस्लॉप आणि बोरी : स्कॉटलंडमधील डन्स येथे १८१७ मध्ये जन्मलेले स्टीफन हिस्लॉप हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपुरास आले. तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते आणि कामठीत इंग्रजांची छावणी होती. छावणीत मद्रासी पलटणी असल्यामुळे हिस्लॉप यांचा संबंध मराठीबरोबर तमिळ आणि तेलुगू बोलणाऱ्यांशीही आला. नागपूरची मंडळी अशी आरंभापासूनच बहुभाषक होती. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा काढली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले. दोघांनी मिळून या भागातील खडक, जीवाश्म आणि खनिजे यांचा अभ्यास केला. हिस्लॉपाइट या खनिजाला हिस्लॉप यांचे नाव मिळाले आहे.

त्या काळी बाप्तिस्मा घेणे म्हणजे घर, जात आणि वारसा यांना एकदम मुकणे होते. १८४८ मध्ये मिशनच्या शाळेतील बाबा पांडुरंग या ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती होण्याची इच्छा दाखवली. भोसल्यांशी झालेल्या १८२६ च्या तहातील कलमाचा आधार घेऊन रेसिडेंटने त्याला राजाच्या स्वाधीन केले. प्रार्थनेत मनोमन घेतलेला निर्णय बाहेर आला की त्याला आसरा देणारे घर लागते, हे या प्रकरणाने दाखवून दिले. त्या काळातील मिशनच्या आवारांकडे या दृष्टीनेही पाहावे लागते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर हिस्लॉप टाकळघाट परिसरातील शिळावर्तुळे पाहण्यास गेले. मुक्काम बोरीस होता. टेंपल पुढे परतले. हिस्लॉप गावातील शाळा तपासण्यासाठी मागे राहिले. परतीच्या वाटेवर पावसाने फुगलेला नाला ओलांडताना ते बुडाले. त्यांचा घोडा स्वाराशिवाय तळावर आला, तेव्हा शोधाशोध सुरू झाली. शेहेचाळिसावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर होता. गोंड व इतर आदिवासींविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. १८८३ मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. धर्मोपदेशक, शिक्षक आणि निसर्ग-अभ्यासक या त्यांच्या तीन भूमिका शेवटच्या दिवशी एकाच रस्त्यावर एकत्र आलेल्या दिसतात.

टिळक : एकांताकडून दरबाराकडे : बुटी हे नाव मराठी ख्रिस्ती इतिहासात पुन्हा येते ते नारायण वामन टिळकांच्या चरित्रात. कवी आणि संस्कृतज्ञ टिळक धर्मांतरापूर्वी नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी येईतो टिळक त्यात गुंतून गेले होते. ही ओढ सुरुवातीला एकट्याची होती. ना पाळक, ना चर्च, ना सोबती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढचा प्रवास मात्र एकट्याचा नव्हता. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, नंतर परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईला नवा धर्म पुस्तकातून समजण्यापेक्षा चुलीपाशी, पाण्याच्या घागरीपाशी आणि कोणाच्या पंगतीला बसायचे या प्रश्नातून अधिक भिडला. त्यांचे स्मृतिचित्रे हे आत्मचरित्र या स्थित्यंतराचा मराठीतील सर्वांत जिवंत दस्तऐवज ठरले आहे. टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन या वारकरी वळणाच्या रूपांतून ख्रिस्तभक्ती मांडली, त्यामुळे मराठी मंडळ्यांना परक्या चालींखेरीज आपले गाणे मिळाले. मात्र परदेशी पगारावर चालणारी, कुंपणाआडची मंडळी त्यांना अपुरी वाटू लागली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग कोवळेपणीच खुंटला. त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

संस्थात्मक घडण : नागपूरच्या कॅथलिक धर्मप्रांताची स्थापना १८८७ मध्ये झाली आणि १९५३ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. फ्रान्समधील आनेसी येथे १८३८ मध्ये स्थापन झालेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाच्या धर्मगुरूंचा या घडणीत मोठा वाटा आहे. भारतातील प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चसंस्थांच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालयही नागपुरात आहे. तिची सुरुवात १९१४ मध्ये झाली होती.

उत्तर भारतातील प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र आणण्याची बोलणी १९२९ मध्ये लखनौ येथे सुरू झाली. चार दशकांनंतर, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश–ऑस्ट्रेलियन परंपरेतील मेथडिस्ट अशा सहा संस्था त्यात विलीन झाल्या. बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यावा की जाणत्या वयात, असे शतकानुशतकांचे वाद होते. जाणतेपणीचा आणि लहानपणीचा असे दोन्ही बाप्तिस्मे ग्राह्य धरून एकाच छपराखाली राहण्याचे ठरले.

आचार : मराठी मंडळीचा आठवडा रविवारच्या उपासनेभोवती फिरतो. प्रॉटेस्टंट उपासनेत गीते, पापकबुली, शास्त्रवाचन, उपदेश, विश्वासांगीकार, मध्यस्थीची प्रार्थना, दानार्पण आणि आशीर्वचन असा क्रम साधारणतः असतो. ठरलेल्या रविवारी प्रभुभोजन होते. कॅथलिकांत मिस्सा हे केंद्र आहे. जोडीला जपमाळ आणि उपवासकाळातील क्रुसाची वाट असते. मुलांसाठी संडेस्कूल, नंतर दृढीकरणाचा वर्ग, पुढे तरुण संघ आणि महिला मंडळ अशा पायऱ्यांनी माणूस मंडळीत मुरतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकाच्या जोडीने सभासदांनी निवडलेली पॅस्टोरेट कमिटी, म्हणजे मंडळीची कार्यकारी समिती, कारभार पाहते.

घरची प्रार्थनासभा हा या जीवनाचा सर्वांत घरगुती भाग. ठरल्या संध्याकाळी एका कुटुंबाकडे दहा-पंधरा माणसे जमतात. दाराशी चपलांचा ढीग, आत सतरंजी, मांडीवर बायबल आणि गीतपुस्तक, एखाद्याकडे बाजाची पेटी किंवा नुसते टाळ. वाचनानंतर विनंत्या मागवल्या जातात : कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या आईचे ऑपरेशन, कोणाचे कंत्राट संपत आलेले. मग एकजण दुसऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना करतो. उपकारस्तुती म्हणून कोणी ‘साक्ष’ देतो. शेवटी चहा-पोहे होतात आणि खरी विचारपूस बहुधा तेव्हाच होते. देवासमोर सांगितलेली अडचण शेजाऱ्याच्या कानावर जाते; ती तिथेच राहावी, हा अलिखित नियम असतो. तो मोडला की सभेला येणाऱ्यांची संख्या घटते.

सणांत नाताळ, झावळ्यांचा रविवार, येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर मनन करण्याचा उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानदिन हे मुख्य. मराठी मंडळ्यांचा हंगामाचा सण मात्र खास मातीतला आहे. लोक धान्य, भाज्या, फळे, कोंबड्या, घरचे लोणचे अशा वस्तू वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर आवारात त्यांचा लिलाव होतो. संत्र्यांची एक करंडी किंवा साधा भोपळा चढाओढीत बाजारभावाच्या कितीतरी पट जातो. घेणारा कधी तीच वस्तू पुन्हा लिलावाला देतो. ज्याने आणले आणि ज्याने घेतले, दोघांचेही दान होते. हसण्याखिदळण्यात जमलेला हा पैसा मंडळीच्या खर्चाला लागतो.

औद्योगिक वसाहतीचे प्रश्न : कारखान्यांच्या पट्ट्यात या रचनेला नवे वळण लागते. काम तीन पाळ्यांत चालते. आठवड्याची सुट्टी रविवारीच येईल याची खात्री नसते. रात्रपाळी संपवून उपासनेला आलेल्याचे डोळे उपदेशात मिटतात. अशा ठिकाणी संध्याकाळची किंवा घरची सभा हीच मुख्य मंडळी होऊन बसते. कामासाठी इतर जिल्ह्यांतून आणि राज्यांतून आलेल्या कुटुंबांची भाषा, चाली आणि संप्रदाय वेगळे असतात. कामठीच्या छावणीत हिस्लॉप यांच्यासमोर जे बहुभाषक वास्तव होते, तेच दीड शतकानंतर भाड्याच्या खोल्यांमध्ये उभे राहते. मोबाइलवर ऐकलेल्या उपदेशाने एकांताची भूक काही प्रमाणात भागते. पण दवाखान्यात डबा पोचवायला शेजारचे माणूसच लागते.

मर्यादा व टीका : मिशनच्या आवारात वाढलेली मंडळी आसपासच्या समाजापासून तुटली, ही टिळकांच्या काळापासूनची टीका आहे. जातीचे भान बाप्तिस्म्याने पुसले गेले नाही. बसण्याउठण्यात नसले तरी सोयरिकीत ते डोकावते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना त्या जातींच्या सवलती मिळत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न कायद्याच्या दारीही आहे. चर्चच्या मिळकतींवरून होणारे कज्जे आणि पॅस्टोरेट निवडणुकांतील गटबाजी यांमुळेही लोक दुरावतात. भावनेच्या भरात देवाच्या सान्निध्याचा दावा करून मंडळीच्या शिस्तीला बगल देणे आणि उलट, हजेरी लावून अंतःकरण कोरडे ठेवणे हे दोन्ही दोष उपदेशांत वारंवार दाखवले जातात.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या ०.९६ टक्के होती. इतक्या विरळ समाजात मंडळीची वीण मोठ्या समारंभांपेक्षा छोट्या सवयींवर टिकते. त्यांतली जुनी सवय म्हणजे ‘भेटी देणे’. लागोपाठ दोन-तीन रविवार कोणी दिसले नाही, तर पाळक किंवा महिला मंडळातील दोघी-तिघी त्यांच्या घरी जातात. घरात आजारपण आहे, रुसवा आहे, की फक्त पाळी बदलली आहे, हे तिथे कळते. मग उंबऱ्याच्या आत बसून एक लहानशी प्रार्थना होते.