दंतकाष्ठ, राखुंडी आणि मिश्री

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात १२ अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड आणि गाठी नसलेले ताजे दंतकाष्ठ, म्हणजेच दातवण, वापरण्यास सांगितले असून, त्याच्या मऊ कुंचल्याने एकेक दात घासताना दंतमांसाला, अर्थात हिरड्यांना, इजा होऊ देऊ नये, अशी ताकीदही तेथे दिली आहे. ही काळजी विशेष लक्षणीय आहे. कडू झाडांत कडुनिंब आणि तुरट झाडांत खैर तेथे श्रेष्ठ ठरतो; तुरट सालींतील टॅनिन ऊतींचे आकुंचन घडवते, हे पाहता खैराच्या निवडीमागे सूक्ष्म निरीक्षण असावे असे वाटते. चरकसंहितेने जबड्यांच्या आणि दातांच्या मुळांच्या बळकटीसाठी तेलाचा गंडूष, म्हणजे तोंडभर तेल धरून ठेवणे, सांगितला.

महाराष्ट्रातील घरांत कडुनिंबाची व बाभळीची काडी, मीठ आणि राखुंडी दीर्घकाळ चालत राहिली. पुढे मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या विको कंपनीच्या वज्रदंतीसारख्या मंजनांनी वनौषधींची पूड डब्यांतून घरोघरी नेली. याच सवयींच्या शेजारी, विशेषतः ग्रामीण स्त्रियांत, रुजलेली मिश्री ही मात्र भाजलेल्या तंबाखूची पूड असून, ती हिरड्यांचे औषध नव्हे, तर हिरड्यांच्या विकारांचे आणि मुखकर्करोगाचे कारण आहे.