तांबडा वर, हिरवा खाली : हे ठरले कसे?

न्यूयॉर्क, लंडन, बर्लिन या शहरांची १९२०-३० च्या सुमाराची छायाचित्रे आपण पुस्तकांतून पाहतो. ट्राम, मोटारी, एखाददुसरी घोडागाडी, आणि चौकात दिव्यांचा खांब किंवा मनोरा. छायाचित्र अर्थातच कृष्णधवल. समजा, त्यात खांबावरचा वरचा दिवा पेटलेला दिसतो आहे. मग गाड्यांनी थांबायचे की निघायचे? 'वरचा दिवा, म्हणजे तांबडा. थांबायचे,' असे आपण चटकन सांगू. पण त्या काळापुरते हे उत्तर बरोबर असेलच असे नाही. तांबडा वर, हिरवा खाली, तांबडा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की तो निसर्गनियमच वाटावा. प्रत्यक्षात तो माणसांनी आपापसांत केलेला करार आहे, आणि तो पुरा व्हायला शंभर वर्षे लागली.

सुरुवात झाली १८६८ च्या डिसेंबरात, लंडनच्या पार्लमेंटजवळ. रस्त्यावर तेव्हा मोटारी नव्हत्या, पण घोडागाड्यांची गर्दी एवढी होती की पायी रस्ता ओलांडणे जिवावरचे काम झाले होते. जॉन पीक नाइट या रेल्वेतील अभियंत्याने रेल्वेचाच सिग्नल रस्त्यावर आणला. खांबाला हात होते. हात आडवे झाले की थांबा, तिरपे खाली आले की जपून जा. रात्री हात दिसत नाहीत, म्हणून वर गॅसचा दिवा होता, त्याला तांबडी आणि हिरवी काच. पोलिस खाली उभा राहून हे सारे हाताने फिरवी. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा पहिला सिग्नल मुख्यतः पायी चालणाऱ्यांसाठी होता. वाहने थांबवायची ती त्यांना पलीकडे जाता यावे म्हणून. पण महिन्याभरातच, जानेवारी १८६९ मध्ये, गळणाऱ्या गॅसचा स्फोट झाला आणि पोलिस भाजला. तो प्रयोग पुढे सोडून द्यावा लागला.

त्या सिग्नलवर हिरव्याचा अर्थ 'जा' असा नव्हता, 'सावध' असा होता. हा अर्थ रेल्वेतून आला. रेल्वेत त्या वेळी तीन रंग होते : तांबडा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे सावध आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा. या योजनेतला धोका तुमच्या लक्षात आला का? तांबडा दिवा म्हणजे पांढऱ्या ज्योतीपुढे धरलेली तांबडी काच. ती काच फुटली तर काय होईल? पांढरा प्रकाश दिसेल आणि 'थांबा'चे 'खुशाल या' होईल! शिवाय शहरे वाढली तसे रुळांच्या आसपास पांढरे दिवेही वाढले. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रेल्वेने पांढरा रंग हळूहळू वगळला. हिरवा 'मोकळा' झाला आणि 'सावध'साठी पुढे पिवळा आला. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, हे अभियांत्रिकीतले मोठे तत्त्व यामागे आहे.

मग धोक्यासाठी तांबडाच का? तांबड्या प्रकाशाचे विकिरण कमी होते, म्हणून तो लांबून दिसतो, असे आपण वर्गात सांगतो. विकिरणाचा नियम खरा आहे, पण चौकातल्या शे-दोनशे मीटर स्वच्छ हवेत त्याने फारसा फरक पडत नाही. धुक्यातले थेंब तर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात. ते सर्वच रंग जवळपास सारखे विखुरतात. उजेडात डोळ्याला सर्वाधिक संवेदनशीलता हिरवट-पिवळ्या रंगाची असते. तांबड्याचे धोक्याशी नाते रेल्वेच्या आधीपासूनचे आहे. रक्त आणि आग यांमुळे ते जुळले असावे. एक व्यावहारिक सोयही होती. तेलाच्या ज्योतीत तांबडा-पिवळा प्रकाश भरपूर आणि निळा अगदी थोडा असतो, त्यामुळे तांबड्या काचेतून पुरेसा उजेड बाहेर येई.

विजेचे दिवे आल्यावर शहराशहरांनी आपापल्या तऱ्हा काढल्या. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात ५ ऑगस्ट १९१४ रोजी विजेचा सिग्नल सुरू झाला. त्यात फक्त तांबडा आणि हिरवा दिवा होता. रंग बदलण्यापूर्वी घंटी वाजे. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर १९२० मध्ये मनोरे उभारले, त्यांत पोलिस बसे. तेथे सुरुवातीला हिरवा दिवा आडव्या रस्त्यांसाठी 'जा' होता. म्हणजे खुद्द फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या गाड्यांनी हिरवा पाहून थांबायचे! त्याच वर्षी डेट्रॉइटमधील विल्यम पॉट्स या पोलिस अधिकाऱ्याने चारही बाजूंना तीन-तीन रंग दाखवणारा सिग्नल उभारला. चौकात शिरलेल्या गाडीला बाहेर पडायला वेळ हवा, ही गरज पिवळ्याने भागवली. बर्लिनच्या पोट्सडामर प्लाट्झ चौकात १९२४ मध्ये पाच बाजूंचा मनोरा आला. त्याचे दिवे एकाखाली एक नसून आडव्या ओळीत होते.

रंगांचे ठरले तरी जागेचा प्रश्न उरतोच. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना तांबडा-हिरवा भेद नीट कळत नाही. त्यांना आधार दिव्याच्या जागेचा. सिरॅक्यूस या अमेरिकन शहराच्या आयरिश वस्तीत 'आमचा हिरवा खाली आणि इंग्रजांचा तांबडा वर' हे लोकांना सहन झाले नाही. त्यांनी दिवे पुन्हा पुन्हा फोडले, आणि तेथे आजही हिरवा वर आहे. अखेर १९६८ च्या व्हिएन्ना करारात नियम ठरला : उभ्या सिग्नलमध्ये तांबडा सर्वांत वर. भारत या करारात १९८० मध्ये सामील झाला. आडव्या सिग्नलमध्ये वाहने ज्या बाजूने चालतात तिच्या विरुद्ध टोकाला तांबडा. म्हणून डावीकडून वाहने चालवणाऱ्या जपानात तो उजवीकडे दिसतो.

आता पुन्हा छायाचित्राकडे वळू. कॅमेऱ्याच्या सुरुवातीच्या काचा फक्त निळा-जांभळा प्रकाश टिपत. १८७३ मध्ये फोगेल यांनी रंगद्रव्ये मिसळून त्यांना हिरवा 'दाखवला', तरी तांबडा त्यांना बराच काळ दिसत नव्हता. सर्व रंग टिपणाऱ्या काचा १९०६ मध्ये बाजारात आल्या आणि सर्रास वापरात यायला आणखी वीसेक वर्षे गेली. त्यामुळे जुन्या छायाचित्रात तांबडा दिवा पेटलेला असूनही विझल्यासारखा काळा दिसू शकतो. म्हणजे रंगाच्या बाबतीत हे छायाचित्र पाहताना आपण सगळेच रंगांध असतो.

वर्गात असे एखादे छायाचित्र जरूर दाखवावे. कोणता दिवा पेटला आहे, हे विचारू नये. गाड्या कोणत्या दिशेला चालल्या आहेत, चाके धूसर दिसतात की स्पष्ट, पोलिसाचा हात कुठे आहे, हे मुलांना पाहू द्यावे. त्यावरून दिव्याचा रंग त्यांनी स्वतः ठरवावा आणि आपल्या उत्तराला पुरावा द्यावा. शेवटी एक प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा. पहिला सिग्नल पायी चालणाऱ्यांसाठी उभा राहिला. आपल्या शाळेजवळच्या चौकातला सिग्नल कोणासाठी आहे? घड्याळ घेऊन उभे राहिले आणि म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला किती सेकंद मिळतात ते मोजले, की उत्तर हाती येईल.