ब्राह्मसमाजाची वाढ आणि फूट

इ. स. १८२८ मध्ये राजा राममोहन रॉय यांनी कलकत्त्यास ब्राह्मसभा स्थापन केली, तेव्हा तिला ना दीक्षाविधी होता, ना प्रतिज्ञा. एकेश्वराची उपासना करू इच्छिणाऱ्या कोणालाही तिचे द्वार मोकळे होते. परंतु केवळ मोकळ्या द्वारावर संस्था तगत नाही. १८३३ साली राममोहन इंग्लंडात निवर्तले आणि सभा क्षीण झाली. पुढे १८४३ साली देवेंद्रनाथ ठाकूर यांनी वीस सहकाऱ्यांसह प्रतिज्ञापूर्वक दीक्षा घेतली, आणि उपासकांच्या मेळाव्याचा समाज बनला.

बंधन आले, तसा त्याच्या अर्थाविषयीचा वादही आला. जानवे धारण करणाऱ्याने आचार्यांच्या वेदीवर बसावे काय, हा त्यांतील प्रमुख प्रश्न. १८६६ साली केशवचंद्र सेन यांनी वेगळा समाज काढला. त्यांच्याच १८६४ मधील मुंबईभेटीने चेतना मिळून तेथे १८६७ साली प्रार्थनासमाज उभा राहिला होता.

१८७२ च्या विवाहकायद्यासाठी केशवचंद्र झटले. त्यात वधूचे किमान वय चौदा ठरले. १८७८ साली मात्र त्यांनी चौदा वर्षे पूर्ण न झालेल्या स्वतःच्या कन्येचा विवाह कूचबिहारच्या महाराजांशी लावून दिला. दुखावलेल्या अनुयायांनी साधारण ब्राह्मसमाज स्थापिला व त्याचा कारभार एका व्यक्तीच्या प्रेरणेवर न ठेवता लिखित घटना आणि निर्वाचित समिती यांवर सोपविला.

संस्थापकाची श्रद्धा संस्थेला जन्म देते. परंतु नियम नेत्यालाही लागू करण्याचे धैर्य आले, म्हणजेच ती वयात आली असे म्हणावयाचे. ब्राह्मसमाजाला त्या धैर्याचे मोल फुटीने द्यावे लागले.